मोहाखालच्या सकाळी

बायको पुण्याला गेली ती तीन महिन्यांसाठी. मुलीचं बाळंतपण झालं होतं. मुलगी आणि जावई दोघंही कंपनीत नोकरीला, आणि अकराव्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बाळाकडे पाहायला घरचं कोणी नव्हतं. "तू जायलाच पाहिजे," असं मीच म्हणालो. वरठी स्टेशनवर तिला गाडीत बसवून दिलं आणि खिडकीतून गमतीनं म्हटलं, "चला, तीन महिने मला सुट्टी." त्याला आता दुसरं वर्ष लागलं आहे. नात रांगली, उभी राहिली, आता तोडकंमोडकं बोलते. बायको अजून तिथेच आहे. तिला कोणी अडवून ठेवलं असं नाही, फक्त ती निघू शकेल असा दिवस कधी आलाच नाही.

मी भंडाऱ्यात एकटा. चिखल्याच्या खाणीतून रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा शहराच्या कडेला एका लेआउटमध्ये दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. समोरचे घरवाले नोकरीवर, बाजूच्या घराला कुलूप. सकाळी एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी डाळ कुकरमध्ये लावायची, तेच संध्याकाळी. टीव्ही चालू ठेवायचा, पण पाहायचा नाही. दुपारी बायकोचा फोन आला की माझा पहिला शब्द घोगरा निघायचा, कारण सकाळपासून मी तोंडातून शब्दच काढलेला नसायचा. "सर्दी झाली का?" ती विचारायची. मी हो म्हणायचो.

तिच्या जाण्यानंतरचा पहिला उन्हाळा असाच गेला. दुसऱ्या वर्षी फाल्गुनात एका दुपारी बोलता बोलता तिनं विचारलं, "पळस फुलला का जी?"

"फुलला," मी म्हणालो. न पाहताच.

"कोनता? चौकातला का पुलाकडचा?"

चौकात पळस आहे हेच मला माहीत नव्हतं. त्याच चौकातून मी आठवड्यातून तीनदा भाजी आणायला जात होतो. ती हसली. "म्हंजे पाहिलाच नाही," ती म्हणाली, तेवढ्यात मागे बाळ रडलं आणि फोन बंद झाला.

मला त्या हसण्याचा राग नाही आला, पण काहीतरी लागलं. चौतीस वर्षं मी जमिनीखाली काम केलं. माझं काम टिंबरचं. खोदलेल्या जागेचं छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे ओंडके उभे करायचे, वर आडवे टाकायचे, पाचर ठोकून घट्ट करायचे. साल, ऐन, साग, बिजा, कोणतं लाकूड किती वजन धरील, वाकण्याआधी कसं करकरेल, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण त्या झाडांना पानं कशी येतात, फूल कधी येतं, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या पाळीला उजाडण्याआधी खाली, वर आलो की ऊन डोळ्यांत टोचायचं. आंघोळ, जेवण, झोप. वसंत म्हणजे माझ्यासाठी वर येताना अंगाला लागणारी गरम हवा, बस. बायको मात्र पवनीकडच्या खेड्यातली, लहानपणापासून रानात फिरलेली. क्वार्टरच्या मागे जंगलच होतं. शेजारच्या बायांबरोबर ती तिकडं जायची, ओंजळभर काहीबाही आणायची, खिडकीत ठेवायची. मी ते कधी काय आहे म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकात गेलो. पळस होता. रसाच्या ठेल्याच्या मागे, विजेच्या डीपीला टेकलेला, एकही पान नसलेला आणि वरपासून खालपर्यंत पेटलेला. एवढा लाल-केशरी रंग माझ्या वाटेवर उभा होता आणि मला दिसला नव्हता. खाली पडलेल्या फुलांवरून मोटारसायकली जात होत्या. मी मोबाइलवर फोटो काढला आणि तिला पाठवला. संध्याकाळी तिच्याकडून अंगठ्याचं चित्र आलं. खाली एक ओळ, "आता पुलाकडचा."

असं माझं फिरणं सुरू झालं. रोज पहाट सरली की निघायचं. एक दिवस वैनगंगेच्या पुलाकडे, एक दिवस तलावाच्या बांधावरून, एक दिवस सरकारी क्वार्टरांच्या मधून. काटेसावरीची जाडजूड, लाल वाट्यांसारखी फुलं मी एका शाळेच्या कंपाउंडपाशी पाहिली. नावं मला येत नव्हती. मी फोटो पाठवायचो, दुपारी ती नाव सांगायची, पण घाईत. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात नातीचा घास. कधी फोटो दोन-दोन दिवस उघडलेच जायचे नाहीत. मग मी वाट पाहायचो, आणि वाट पाहिली की घर आणखी रिकामं वाटायचं.

नगरपालिकेच्या बगिच्यात मला ती बाई भेटली.

बगिचा लहान आहे. दोन झोपाळे, गंजलेली व्यायामाची यंत्रं, सिमेंटच्या चौकटींची गोल वाट आणि फाटकाशी पाटी, 'फुले तोडू नयेत'. मागच्या भिंतीजवळ एक जुनं मोहाचं झाड आहे. बगिचा होण्याआधी तिथं शेत होतं म्हणतात, तेव्हापासूनचं. त्या झाडाखाली सत्तरीच्या पुढची एक बाई उकिडवी बसून मोहफुलं वेचत होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बाजूला टोपली. बगिच्याचा चौकीदार तिच्याशी वाद घालत होता.

"पाटी नाही दिसत काय, माय? फुलं तोडाची नाही."

"मी कुठं तोडून राहिली बापू? मी तं वेचून राहिली. झाडानं सोडली, मी उचलली."

चौकीदार माझ्याकडे पाहू लागला, जणू मी निकाल देणार. मी म्हणालो, "बरोबर बोलते ना बाई." तो हसत निघून गेला. बाईनं मान वर करून मला पाहिलं.

"तुमी रोज फिरता वाटते इकडून. मान वर करून करून चालता. पडान एखाद दिवशी."

"झाडं पाहतो."

"कोनतं झाड हाय हे?"

"मोह." तेवढं मला आता कळत होतं, आणि वासानं तर कोणालाही कळेल.

"आन ते तिकडचं? लाल कोवळ्या पालवीचं?"

"बाई, मी खाणीतला माणूस. झाडं मला तोडलेलीच ओळखू येतात. उभी नाही येत."

ती एवढी हसली की तिला खोकला आला. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "बसा मंग. ते कुसुम हाय. पालवी लाल, मंग हिरवी. बसा खाली, भाऊ, कंबर लवते का नाही पाहू."

मी बसलो. मोहाची फुलं हातात घ्यायला थंडगार आणि फुगीर असतात, पाणी भरलेल्या लहान थैलीसारखी. जास्त जोरात धरली तर चुरडतात. तिनं दाखवलं, दोन बोटांनी, बाजूनं. सकाळच्या पहिल्या तासात पडतात, ऊन तापलं की बास. वर पाहिलं तर एखादं सुटायचं आणि पानांवर टप्प करून खाली यायचं. मी तासभर वेचत राहिलो. त्या तासात मी जितकं बोललो, तितकं बायको सोडून दुसऱ्या कोणाशी वर्षभरात बोललो नव्हतो.

ती मोहाडीजवळच्या एका खेड्यातली. घरची धानाची शेती, गावाच्या तळ्याखालची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत. नवरा गेल्यावर शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला दिली आणि मुलानं तिला भंडाऱ्याला आणलं. मुलगा ऑफिसात, सून शाळेत शिकवायला. "सून चांगली हाय," ती म्हणायची. "बोलाले येळ नाही तिले, बस. मी सकाळी उठतो तं घरात कोनी उठलं नाही रायत. मंग कुठं जाऊ? मोहाचा वास आला, वासावासानं इथं आली."

आम्ही एकमेकांची नावं विचारली नाहीत. ती मला भाऊ म्हणे, मी तिला बाई. रोज सकाळी तासभर. मोह वेचून झाला की ती मला बगिच्याची फेरी मारायला लावायची आणि परीक्षा घ्यायची. कडुनिंबाचा बारीक मोहोर, पांढरा, खाली पीठ सांडल्यासारखा. करंजाची नवी पानं, इतकी चकचकीत की वाटावं कोणी तेल लावलं. चुकलो की ती म्हणे, "खानीत परत पाठवू का?" घरी ती फुलं गच्चीवर वाळवायची, भाजून तिळासोबत कुटायची. एक दिवस त्याचा लाडू माझ्यासाठी कागदात बांधून आणला. गोड, थोडा धुरकट, घशाला किंचित ओढणारा. माझ्यासाठी कोणी काही करून आणलं त्याला इतके दिवस झाले होते की मी तो तिच्यासमोर खाऊ शकलो नाही. खिशात घातला, घरी जाऊन खाल्ला.

बायकोला मी सगळं सांगत होतो.

"कोन बाई हाय ही?" तिनं एकदा विचारलं.

"सत्तर-बहात्तर वर्षांची आहे."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि दोघंही हसलो. मग म्हणाली, "मोह वेचून राहिले तुमी?" त्या प्रश्नात हसणं नव्हतं. मला वाटलं ती काही पुढं बोलेल. पण बाळाची अंघोळ राहिली होती.

चैत्र लागला. एका सकाळी बाई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी मोहाखाली उभा होतो, फुलं वाटेवर पडली होती आणि फिरायला येणारे लोक बुटांनी तुडवत जात होते. आंबूस वास सुटला होता. मी चौकीदाराला विचारलं. "मोहवाली माय? नाही दिसली बा. घर कुठं तिचं?" मलाही माहीत नव्हतं. महिनाभर रोज जिच्याजवळ बसलो, तिचं नाव, पत्ता, फोन, काहीच माझ्याकडे नव्हतं. या वयाच्या माणसाचं न येणं म्हणजे काय असू शकतं ते मला कळत होतं. मी रुमाल पसरला आणि एकटाच वेचू लागलो. ती आली तर द्यायची म्हणून.

रुमालाची गाठ मारून मी आजूबाजूच्या गल्ल्यांतून फिरलो. कोणाला काय विचारणार? 'गच्चीवर मोह वाळवणारी बाई कुठं राहते?' पहिल्या दोन घरी लोकांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, मोह म्हटलं की त्यांना दारू आठवते. चौथ्या गल्लीत मात्र वास आला. गच्चीच्या कठड्यावर चटईचं टोक दिसत होतं. मी फाटक वाजवलं.

सून बाहेर आली. शाळेत जायच्या तयारीत, केस ओले. मी रुमाल पुढं केला.

"तुम्हीच का ते खाणीतले काका?" तीच म्हणाली.

बाई घरी माझ्याबद्दल बोलायची तर.

"आईंना नागपूरला नेलं," तिनं सांगितलं. "दिरांकडे. सहा महिने आमच्याकडे, सहा महिने त्यांच्याकडे, असं ठरलं आहे. हनुमान जयंतीनंतर न्यायचे होते, त्यांना सुट्टी मिळाली म्हणून आठ दिवस आधीच आले. आईंनी म्हटलं होतं की बगिच्यात जाऊन सांगून येते. पण गाडी दारात उभी होती."

जिवंत आहे, एवढंच मला आधी ऐकू आलं. बाकीचं हळूहळू पोचलं. सुनेनं फोन लावून माझ्या हातात दिला.

"कोन? भाऊ?" बाई ओरडूनच बोलत होती. "मोह पडून राहिला का?"

"पडून राहिला."

"कोन वेचते?"

"मी."

"वेचा वेचा. आता आठ-दहा दिवसच हाय तो. इकडं मोह नाही भाऊ. समोर अशोकाची झाडं हाय, खांबासारखी सरळ. ना फूल ना सावली. तिसऱ्या माळ्यावर हाये मी. लिफ्ट चालवता नाही येत मले."

"कोणाला तरी सांगा ना खाली न्यायला."

"सांगन," ती म्हणाली. पण ती सांगणार नाही हे मला कळलं, कारण मीही कोणाला सांगितलं नसतं. "तुमी बायकोले बोलवून घ्या," ती एकदम म्हणाली. "लय दिवस झाले."

मी घरी आलो आणि दुपारची वाट न पाहता पुण्याला फोन केला. मुलीनं उचलला. मी म्हणालो, "आईला आठ दिवस पाठव. नातीला पाळणाघरात ठेवा, जावयाला रजा काढायला सांग, काहीही करा." मुलगी घाबरली, "बाबा, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी असताना बायकोला घरी बोलावतात, हे तिला कळेना. तिला समजावताना मला माझीच लाज वाटली. दीड वर्षात मी एकदाही असं म्हटलं नव्हतं.

बायको वैशाखाच्या सुरुवातीला आली. गाडीतून उतरली तेव्हा मला ती लहान झाल्यासारखी वाटली. घरी आली, हातपाय धुतले, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोला हात जोडले आणि झोपली. ती दोन दिवस झोपली. मी मनात कार्यक्रम आखून ठेवला होता, कोणत्या सकाळी कुठलं झाड. मी दारात येऊन पाहायचो, तिचा हात उशीखाली, तोंड उघडं, मुलं झोपतात तशी. तिसऱ्या दिवशी तिनं चहा पिताना विचारलं, "कायले उठवलं नाही?"

"तू थकली होतीस."

"दीड वर्षाची झोप होती ती," ती म्हणाली.

मी तिला बगिच्यात नेलं. मोह कधीच संपला होता, झाडाला तांबूस नवी पानं आली होती. पळसाला मोठी हिरवी पानं, ओळखूही येऊ नये असा. मी एकेक झाड दाखवून नाव सांगत होतो, नवीन शिकलेल्या पोरासारखा, आणि ती हूं हूं करत होती. तिला ही सगळी नावं माझ्या आधी पन्नास वर्षं माहीत होती, हे मी विसरूनच गेलो होतो. एका जुन्या ऑफिसच्या आवारात बहावा फुलला होता. पिवळे घोस खाली लोंबत होते. तिथल्या ओट्यावर ती बसली, मान वर करून बराच वेळ पाहत राहिली.

"चिखल्याले जंगल घरामागंच होतं," ती म्हणाली. "तुमी एक दिवस नाही आले संग."

"पाळी असायची."

"रविवार नव्हते काय?"

रविवारी मी झोपत होतो. ती तक्रार करत नव्हती, नुसतं आठवत होती, म्हणून ते जास्त लागलं. थोड्या वेळानं म्हणाली, "तिकडं सोसायटीत पन झाडं हायेत. अकराव्या माळ्यावरून नुसते शेंडे दिसतात. बहावा असा खालूनच पाहा लागते."

"खाली जात नाहीस का तू?"

"जातो ना, पोरीले घेऊन. पन मंग तिच्याकडंच पाहा लागते. झाडाकडं पाहिलं तं ती रस्त्यावर."

मला तोवर वाटत होतं की एकटा मी आहे. तिच्याजवळ मुलगी आहे, नात आहे, भरलेलं घर आहे. ओट्यावर तिच्या शेजारी बसल्यावर कळलं की दिवसभर माणसांत असून तिच्याशीही कोणी बोलत नव्हतं. मी तिचा हात धरला. सार्वजनिक जागी आयुष्यात पहिल्यांदाच. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पण हात काढून घेतला नाही.

आठ दिवसांचे सहाच झाले. नातीला ताप आला, मुलीचा फोन आला. वरठीला गाडीत बसताना बायकोनं नेहमीचंच विचारलं, "तुमी काहून नाही येत?" दर वेळी मी म्हणायचो, घर कोण पाहील. या वेळी ते तोंडातून निघेना. घरात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"येतो," मी म्हणालो. तिला खरं वाटलं नसावं. गाडी सुटली तेव्हा ती नातीसाठी घेतलेली चिवड्याची पिशवी वर ठेवत होती, तिचं लक्ष नव्हतं.

तिकीट मी काढलं आहे, एका महिन्यानंतरचं. तिथं गेल्यावर काय करीन ते माहीत नाही. नातीला सांभाळत तासभर बसीन, म्हणजे बायकोला एकटीला खाली जाता येईल, एवढं ठरवलं आहे. किती दिवस राहीन, मला ते जमेल का, हेही ठाऊक नाही. बाईला नागपूरला मी दोनदा फोन केला. एकदा नातवानं उचलून ती झोपली आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा कोणी उचलला नाही.

तोवर सकाळी मी जातो. ऊन आता सातलाच चढतं, फिरणारे लोकही कमी झाले आहेत. झोपाळे रिकामे असतात. शिरीष फुलला आहे, त्याचा वास झाडापाशी पोचण्याआधीच येतो. मी बाकावर बसतो, चौकीदार लांबून हात करतो आणि पाइप घेऊन दुसऱ्या टोकाला पाणी घालायला निघून जातो. मग मी उठतो आणि वाटेत पाव लिटर दूध घेऊन घरी येतो.